लग्न, पैसा आणि कायदा: बायका वारंवार विचारतात ते प्रश्न

हे प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात. बरेचसे व्हॉट्सॲपवर, रात्री उशिरा, आणि 'मैत्रिणीसाठी विचारतेय' असं म्हणून. उत्तरं महाराष्ट्रातल्या वाचकांना धरून लिहिली आहेत. वेगळं म्हटलं नसेल तिथे हिंदू कायदा गृहीत धरला आहे, आणि लग्न व वारसा यांबाबत तो बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी वाचकांनी आधी प्रश्न २० बघावा, गोव्यातल्यांनी २१. पोटगी, घरगुती हिंसा आणि हुंड्याचे मुख्य कायदे धर्म पाहत नाहीत. १ जुलै २०२४ पासून कलमांचे आकडे बदलले आहेत. बायकोच्या छळाबद्दलचं जुनं ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आहे, आणि पोटगीचं जुनं १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेत १४४. पोलीस ठाण्यात अजून दोन्ही आकडे ऐकू येतात, गोंधळून जाऊ नका.

१. लग्न झालं की नवऱ्याच्या मिळकतीत माझा निम्मा हक्क आपोआप लागतो ना?

नाही. नवऱ्याने स्वतः कमावलेलं घर, जमीन, शेअर्स, ठेवी तो हयात असेपर्यंत त्याच्या एकट्याच्या. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, घर तुम्ही चालवलं, मुलं तुम्ही वाढवली, तरी कागदावर नाव नसेल तर मालकी नाही. कायदा बायकोला देतो ते तीन गोष्टींत: राहायला छप्पर (प्रश्न ७), पोटगी (प्रश्न ११) आणि नवऱ्याने मृत्युपत्र केलेलं नसेल तर त्याच्या पश्चात वाटा (प्रश्न १८). घरकामाचं मोल मालकीत धरायची सोय आपल्या वारसा कायद्यात नाही. ती असायला हवी असं आमचं मत आहे, पण मतावर दावा चालत नाही.

एक अपवाद फारसा कुणाला माहीत नसतो. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीचं वाटप नवरा आणि मुलगे यांच्यात झालं, तर आपल्याकडच्या मुंबई परंपरेच्या मिताक्षरा, म्हणजे जुन्या हिंदू, कायद्यानुसार बायकोलाही मुलाइतका वाटा मिळतो. मात्र ती स्वतः वाटप मागू शकत नाही. वाटप व्हायला लागलं तरच तिचा वाटा पडतो. वाटणीपत्रात आईचं नाव गाळलेलं असेल तर सही करण्याआधी विचारा.

२. पत्रिका आहे, फोटो आहेत, व्हिडिओ आहे. मग लग्नाची नोंदणी कशाला?

नोंदणी नसली म्हणून लग्न रद्द ठरत नाही. पण पासपोर्ट, व्हिसा, पेन्शन, विमा, पोटगी, सगळीकडे पहिला प्रश्न 'तुम्ही बायको कशावरून' हाच येतो, आणि दाखला असला की तिथेच संपतो. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेच्या विवाह निबंधकाकडे नोंदणी होते. उशीर झाला तरी करता येते, फक्त दंड भरावा लागतो. नवरा टाळाटाळ करत असेल तर पत्रिका, पुरोहिताचं नाव-पत्ता, साक्षीदारांचे फोन नंबर आजच एका ठिकाणी लिहून ठेवा. तो का टाळतोय हेही बघा (प्रश्न २२).

३. नाव बदललं नाही तर हक्क कमी होतात का?

नाही. नवऱ्याचं आडनाव लावायची सक्ती कुठल्याही कायद्यात नाही. बदलायचं असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करा आणि मग सगळीकडे एकच नाव ठेवा. खरा त्रास अर्धवट बदलाचा होतो: आधारवर सासरचं, पॅनवर माहेरचं, सातबाऱ्यावर घरातलं हाकेचं. वारस नोंदीच्या वेळी ही तीनही एकच बाई आहे हे प्रतिज्ञापत्रांवर प्रतिज्ञापत्रं करून सिद्ध करावं लागतं.

४. स्त्रीधन म्हणजे फक्त माहेरचं सोनं का?

लग्नाआधी, लग्नात आणि लग्नानंतर तुम्हाला म्हणून जे मिळालं ते सगळं स्त्रीधन: माहेरचे दागिने, सासरने घातलेलं मंगळसूत्र आणि पाटल्या, ओटीत आलेली रोकड, मामाने दिलेली स्कूटी, आहेराची भांडी, तुमचा पगार आणि त्यातून घेतलेल्या वस्तू. हिंदू वारसा कायदा १९५६ च्या कलम १४ ने त्यावर तुमची पूर्ण मालकी मान्य केली आहे. विका, मोडा, मुलीला द्या, कुणाची परवानगी लागत नाही. नवऱ्याला घातलेली अंगठी किंवा दोघांना मिळून दिलेला सोफा यात येत नाही. दोघांना मिळून दिलेल्या वस्तूंचा निकाल घटस्फोटाच्या दाव्यात हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ खाली लागतो.

सराफाच्या पावत्या बहुधा वडिलांच्या नावावर असतात, त्याने बिघडत नाही. पावती, दागिना अंगावर असलेला लग्नातला फोटो आणि वजनासह एक यादी, तीनही जपा. यादीवर दोन्हीकडच्यांच्या सह्या असतील तर उत्तम. हुंडाबंदी कायद्याच्या १९८५ च्या नियमांतच अशी यादी करायला सांगितलं आहे. ती करणारी घरं फार थोडी, आणि 'आपल्यात असं लिहून घेत नाहीत' म्हणणारी फार.

किती सोनं ठेवलं तर आयकरवाले नेतात, हेही याच ओघात विचारलं जातं. १९९४ च्या सूचनेनुसार धाडीत विवाहितेचे ५०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करत नाहीत. ती बाळगायची कमाल मर्यादा नव्हे. हिशेब दाखवता आला तर त्याहून जास्तही चालतं.

५. माझे सगळे दागिने सासूबाईंच्या लॉकरमध्ये आहेत. आता त्या देत नाहीत.

ठेवायला दिलेली वस्तू ठेवणाऱ्याची होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट सांगितलं की स्त्रीधन सासरच्यांकडे असलं तर ते विश्वासाने सांभाळायला दिलेलं असतं, आणि परत न करणं हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो. आता त्यासाठी न्याय संहितेचं कलम ३१६ आहे.

फौजदारीआधी एक सोपी पायरी आहे. घरगुती हिंसाचार कायदा २००५ खाली दंडाधिकारी स्त्रीधन परत करायचा आदेश देऊ शकतात. त्याचा अर्ज तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करता येतो. त्याही आधी व्हॉट्सॲपवर साध्या शब्दांत मागा: 'आई, लग्नातला माझा राणीहार आणि चार बांगड्या शुक्रवारी हव्या आहेत.' उत्तर 'देत नाही' आलं तरी वस्तू त्यांच्याकडे आहे हे त्यांनीच लिहून दिलं. भांडण करू नका, शिव्या लिहू नका. तो स्क्रीनशॉट पुढे कोर्टात वाचला जाणार आहे.

दागिने धंद्यासाठी नवऱ्याने गहाण ठेवले किंवा मोडले असतील तरी उत्तर तेच. अडचणीत वापरले तर परत करायची जबाबदारी त्याच्यावर राहते, स्त्रीधन नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं.

६. आम्ही हुंडा दिला होता. आता तक्रार केली तर देणारे म्हणून आई-बाबाच अडकतील का?

१९६१ चा कायदा हुंडा देणं आणि घेणं दोन्हीला गुन्हा मानतो, म्हणून ही भीती खोटी नाही. पण त्याच कायद्याच्या कलम ७ मध्ये तरतूद आहे की पीडित व्यक्तीने दिलेल्या जबाबावरून तिच्यावरच खटला भरता येत नाही. दिलेली रक्कम किंवा वस्तू तीन महिन्यांत त्या मुलीच्या नावे करायला हवी, असं कलम ६ सांगतं. ही ओळ नोटिशीत घालायला वकिलाला आठवण करा.

७. घर सासऱ्यांच्या नावावर आहे. ते मला बाहेर काढू शकतात का?

'घर माझं आहे, नीघ' एवढं म्हणून नाही.

बराच काळ कोर्टं २००६ च्या एका निकालावर चालत होती. सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घरात सुनेला हक्क नाही, असा त्याचा अर्थ लागायचा. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी तो बदलला. ज्या घरात तुम्ही कुटुंब म्हणून नांदलात ते 'सामायिक घर', मग मालकी सासऱ्यांची असो, एकत्र कुटुंबाची असो की घर भाड्याचं असो. कायदेशीर मार्गाशिवाय तुम्हाला तिथून हलवता येत नाही. कुलूप बदललं, वीज तोडली, सामान जिन्यात टाकलं, तर दंडाधिकाऱ्याकडून त्याविरुद्ध तातडीचा आदेश मिळू शकतो. तो मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता दुसरी बाजू. हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. कोर्ट नवऱ्याला तुमच्यासाठी तशाच दर्जाची दुसरी जागा घ्यायला किंवा तिचं भाडं भरायला सांगू शकतं. सासू-सासरे खरोखर म्हातारे आणि त्रस्त असतील तर त्यांचंही ऐकलं जातं. मात्र सुनेला काढण्यासाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आडोशासारखा वापरता येणार नाही, हेही डिसेंबर २०२० मध्ये ठरलं. दोन्ही कायदे मिळून वाचायचे.

नणंद किंवा जाऊ त्रास देत असेल तर? २०१६ पासून बाईविरुद्धही या कायद्याखाली अर्ज चालतो.

८. फ्लॅटचा हप्ता माझ्या पगारातून जातो, पण करारावर फक्त त्याचं नाव आहे.

आज सगळं छान चाललं असेल तर आजच नाव घाला. उद्या वाद झाला तर बँकेच्या नोंदींवरून तुम्ही पैसे भरल्याचं दाखवता येईल, पण त्यावरून मालकी सिद्ध करायला दिवाणी दावा आणि बरीच वर्षं जातील. गृहकर्जाची करसवलतही सहमालक नसाल तर तुम्हाला मिळत नाही, मग हप्ता कुणीही भरो.

महाराष्ट्रात नवरा-बायकोत राहत्या घराचं बक्षीसपत्र केलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. नोंदणीचा आणि स्थानिक संस्थेचा खर्च वेगळा. कर्ज चालू असेल तर बँकेची ना-हरकत आधी घ्या, आणि नोंदणीनंतर सोसायटीच्या भाग दाखल्यावरही (शेअर सर्टिफिकेट) नाव चढवून घ्या. ते हमखास राहून जातं.

नवीन घर घेत असाल तर केवळ बाईच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही ही जुनी अट २०२३ मध्ये काढली.

९. नवऱ्याने माझ्या नावावर ठेव ठेवली. ती माझी का त्याची?

दिली म्हणजे तुमची. पण तिचं व्याज आयकरात त्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. ते व्याज तुम्ही पुन्हा गुंतवलंत तर त्या व्याजावरचं उत्पन्न तुमचं. आई-वडिलांनी दिलेल्या पैशांना किंवा लग्नाआधी मिळालेल्या रकमेला हा नियम लागत नाही. आणि लाडकी बहीणचे महिन्याचे १,५०० तुमचे आहेत, घरातल्या कुणाचंही त्यावर काही चालत नाही. हाही प्रश्न येतो म्हणून लिहिलं.

१०. त्याचं कर्ज बुडालंय, वसुलीवाले माझ्याकडे येतात. मी देणं लागते का?

तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली नसेल तर नाही. बायको आहे म्हणून कर्ज अंगावर येत नाही. सही केली असेल तर मात्र पूर्ण जबाबदारी. जामीनदार म्हणजे नुसता साक्षीदार, असं समजणाऱ्यांना बँकेची नोटीस आल्यावर कळतं. कोरे चेक सही करून देऊ नका, नवऱ्यालाही नाही. चेक वटला नाही तर खटला खातेदारावर होतो.

ज्यांच्या नवऱ्याचा धंदा आहे त्यांनी १८७४ चा विवाहित स्त्रियांचा मालमत्ता कायदा माहीत करून घ्यावा. त्याच्या कलम ६ खाली नवऱ्याने आयुर्विमा घेतला तर तो बायको-मुलांसाठीचा विश्वस्त निधी ठरतो. कर्ज देणाऱ्यांना त्याला हात लावता येत नाही, नवऱ्यालाही नंतर मन बदलता येत नाही. अपवाद एवढाच, की कर्ज देणाऱ्यांना फसवायच्या हेतूने तो काढल्याचं सिद्ध झालं तर. पॉलिसी घेतानाच हा पर्याय निवडावा लागतो. एजंट आपणहून क्वचितच सांगतो.

११. पोटगी किती मिळते? पगाराच्या पंचवीस टक्के असा नियम आहे ना?

नियम नाही. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य मानली आणि तेव्हापासून हा आकडा फिरतोय. प्रत्यक्षात दोघांचं उत्पन्न, मुलं, भाडं, औषधपाणी, नांदतानाचं राहणीमान हे सगळं पाहतात. नोव्हेंबर २०२० पासून दोघांनाही मालमत्ता, उत्पन्न आणि कर्जाचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणून 'आधी समजुतीने बघू' म्हणत वर्ष घालवू नका. अर्ज दाखल करूनही समजूत काढता येते.

अर्ज तुम्ही राहता तिथे करता येतो. शहरात कुटुंब न्यायालय, नाहीतर दंडाधिकारी. चालू दाव्यात हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली, घटस्फोटानंतर २५ खाली, आणि घरगुती हिंसाचार कायद्याखालीही मागता येते. एकाहून जास्त ठिकाणी मागितली तर आधीच्या आदेशाची माहिती द्यायची, कारण रकमा एकमेकींत वळत्या होतात.

नवऱ्याचा खरा पगार कसा कळेल? जुन्या पगारपत्रकाचा फोटो, गृहकर्जाच्या अर्जातलं उत्पन्न, गाडीची आरसी, सहलींचे फोटो. कर्ज काढताना माणूस उत्पन्न वाढवून सांगतो आणि पोटगीच्या वेळी कमी करून.

१२. मी बीएड आहे, थोडं कमावतेही. मला पोटगी नाकारतील का?

कमवायची पात्रता असणं आणि प्रत्यक्ष कमावणं वेगळं, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. शिकवण्या घेऊन आठ हजार मिळत असतील तर रक्कम कमी होईल, हक्क जाणार नाही. पगार त्याच्याइतकाच असेल तर तुमच्यासाठी बहुधा मिळणार नाही, पण मुलांच्या खर्चातला त्याचा वाटा त्याला द्यावाच लागतो. उत्पन्न लपवू नका. पकडलं गेलं तर उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही कोर्ट विश्वास ठेवत नाही.

१३. मीच घर सोडून माहेरी आले. त्याने 'नांदायला ये' अशी नोटीस पाठवलीय. आता माझे हक्क गेले का?

मारहाण, छळ, दारू, दुसरी बाई, यांतलं काही असेल तर वेगळं राहायला पुरेसं कारण आहे आणि पोटगी शाबूत राहते. कारण नसताना राहायला नकार दिला, किंवा दोघांनी संमतीने वेगळं राहायचं ठरवलं, तर कलम १४४ खालची पोटगी नाकारली जाऊ शकते. घर सोडताना पोलिसांत साधा अर्ज देऊन पोच घेतली असेल तर ती इथे उपयोगी पडते.

नांदायला येण्याची नोटीस बहुतेकदा पोटगीला उत्तर म्हणूनच येते. फेकून देऊ नका. नेमक्या तारखांसह उत्तर द्या: का निघालात, परत यायला कोणती हमी हवी. कोर्टाने नांदायचा हुकूम दिला तरी कुणी ओढून नेऊ शकत नाही. १८८७ मध्ये मुंबईत रखमाबाईंना 'नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद' असं सांगितलं गेलं होतं आणि त्यांनी कैद पत्करायची तयारी दाखवली. आज कैद नाही. असा हुकूम पाळला नाही म्हणून पोटगी आपोआप बंद होत नाही, हे जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं.

१४. आदेश झाला, पण तो एक पैसा भरत नाही.

वसुलीचा अर्ज करा. रक्कम थकल्यापासून वर्षाच्या आत करायचा, हे विसरू नका. कोर्ट पगार किंवा मालमत्ता जप्त करू शकतं, आणि दर महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत तुरुंगात पाठवू शकतं. तुरुंगात बसून आला म्हणून थकबाकी फिटत नाही.

१५. संमतीने घटस्फोट घेतोय. एकरकमी घ्यावी का महिन्याला?

तो नियमित पगारदार नसेल, परदेशी जाणार असेल किंवा शब्दाचा भरवसा नसेल तर एकरकमी. रकमेचे टप्पे कोर्टाच्या तारखांना बांधा: काही भाग पहिल्या अर्जाच्या वेळी, उरलेला शेवटच्या तारखेला, डिमांड ड्राफ्टने. अंतिम हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणालाही संमती मागे घेता येते. म्हणून स्त्रीधन आणि कागदपत्रं आधी ताब्यात घ्या. सहा महिन्यांची वाट २०१७ च्या निकालानंतर योग्य प्रकरणी माफ होते.

संमती अटींमध्ये 'पुढे काहीही मागणार नाही' ही ओळ असतेच. ती तुमच्यापुरती. मुलाचा खर्च आईने सोडून दिला तरी मुलाचा हक्क संपत नाही.

१६. माझं लग्न १९९० ला झालं. भाऊ म्हणतो माहेरच्या जमिनीत तुझं काही नाही.

भाऊ १९९४ मध्ये अडकलाय. तेव्हा महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मजात वाटा दिला, पण आधीच लग्न झालेल्यांना वगळलं. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ही अट गेली. वडील २००५ आधी वारले असले तरी हरकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयात विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० ला ठरलं. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने वाटप झालं असेल तर ते उघडता येत नाही.

वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत वेगळी. ते हयात असताना त्यात ना तुमचा वाटा ना भावाचा, आणि मृत्युपत्राने ती ते कुणालाही देऊ शकतात. मृत्युपत्र नसेल तर मुलगी, मुलगा, आई सगळ्यांना सारखा वाटा. 'तुझ्या लग्नात खर्च केला' हे कायद्यात वाटा कापायचं कारण नाही.

हक्कसोडपत्रावर सही मागितली तर तिथल्या तिथे करू नका, रक्षाबंधनाला तर नाहीच. आधी सातबारा, फेरफार आणि दस्ताचा मसुदा वाचा. नोंदणी झाल्यावर फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो, आणि तोही कळल्यापासून तीन वर्षांत. भावाला द्यायचंच असेल तर खुशाल द्या, फक्त काय देताय ते माहीत असू द्या.

१७. शेतात मी राबते, सातबारा त्याचा. माझं नाव लागेल का?

त्याची इच्छा असेल तर लागेल. १९८०च्या दशकाच्या शेवटी शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या पुढाकाराने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती. बायकोच्या नावे जमीन करणारी शंभर कुटुंबं ज्या गावात होतील, त्या गावाचा सन्मान. त्यानंतर १९९२ मध्ये शासनाने सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायचं परिपत्रक काढलं. तलाठ्याकडे नवऱ्याचा अर्ज लागतो. 'असं काही नसतं' असं उत्तर आलं तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या. पक्की मालकी हवी असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्रच करा. फेरफार हा मालकीचा पुरावा नव्हे, महसुली नोंद आहे.

१८. नवरा वारला. पीएफ, फ्लॅट, विमा सगळीकडे नॉमिनी सासूबाई आहेत. माझं सगळं गेलं का?

नाही. नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा, मालक असेलच असं नाही. मृत्युपत्र नसेल तर बायको, प्रत्येक मूल आणि नवऱ्याची आई यांना सारखा वाटा. दोन मुलं आणि सासूबाई असतील तर तुमचा चौथा हिस्सा. सासऱ्यांना या पहिल्या वर्गात वाटा नाही. शेअर्सबाबत हेच तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये कायम केलं. सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, मालकी वारसांची.

विम्याचं थोडं निराळं. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, बायको-नवरा किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच मानायची, असं विमा कायद्यात आलं. म्हणून विम्याचा नॉमिनी लग्नानंतर बदलून घेणं सगळ्यात तातडीचं. पीएफचं नामनिर्देशनही लग्नानंतर नव्याने करायचं असतं, नवऱ्याला आजच पोर्टल उघडायला लावा. पीएफबरोबरची विधवा पेन्शन तुम्हाला नियमानेच मिळते.

तेराव्यापर्यंत कुठल्याही कोऱ्या कागदावर सही करू नका. 'बँकेच्या कामासाठी' घेतलेल्या सह्यांचं पुढे हक्कसोडपत्र झालेलं आम्ही पाहिलं आहे.

१९. मी पुन्हा लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याकडून आलेली मिळकत परत द्यावी लागेल का?

नाही. एकदा वारसाने आली ती तुमची. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यात ती सोडावी लागे, तो कायदा आता नाही. पीएफची विधवा पेन्शन मात्र पुनर्विवाहाने थांबते.

तुमच्या पश्चात काय, हे इथेच सांगतो. मूल-नवरा नसलेल्या बाईची स्वकमाईची मिळकतसुद्धा हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आई-वडिलांकडे नंतर. माहेरहून वारसाने आलेली तेवढी वडिलांच्या वारसांकडे परत जाते. हे पटत नसेल तर मृत्युपत्र करा: साधा कागद, दोन साक्षीदार. मुद्रांक लागत नाही.

२०. आम्ही हिंदू नाही. आम्हाला काय लागू?

मुस्लिम: मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला कबूल केलेली रक्कम, हे नवऱ्यावरचं कर्ज आहे, त्याच्या पश्चात वाटणीआधी ते फेडायचं. निकाहनाम्यातली रक्कम वाचून सही करा. मुलं असतील तर विधवेचा वाटा एक अष्टमांश, नसतील तर एक चतुर्थांश. एका दमातला तिहेरी तलाक २०१९ पासून गुन्हा आहे आणि त्याने लग्न मोडत नाही. या मागणीसाठी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम बायकांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला होता, १८ एप्रिल १९६६ ला. घटस्फोटित मुस्लिम बाईला सर्वसाधारण कायद्याखाली पोटगी मागता येते, हे जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट झालं.

ख्रिस्ती: मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील तर विधवेला एक तृतीयांश. पारशी: विधवा आणि मुलं सारखी.

आंतरधर्मीय जोडप्याने विशेष विवाह कायद्याने लग्न केलं तर वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने. दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर हिंदू वारसा कायदाच चालतो.

२१. मी सावंतवाडीची, नवरा गोव्याचा. तिथे निम्मं मिळतं म्हणतात ते खरं का?

बऱ्याच अंशी खरं. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा चालू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक होते आणि प्रत्येकाचा निम्मा हिस्सा. स्थावर विकायचं तर जोडीदाराचीही सही लागते, आणि वंशज असताना मृत्युपत्राने निम्म्याहून जास्त बाहेर देता येत नाही. गोव्याच्या अधिवासी माणसाच्या गोव्याबाहेरच्या मिळकतीलाही हाच कायदा, असं २०१९ मध्ये ठरलं. तिथल्या नागरी नोंदणीच्या दोन्ही सह्या पूर्ण झाल्यात का तेवढं बघा, आणि लग्नाआधी कुठल्या करारावर सही केली होती का ते आठवा.

२२. लग्नानंतर कळलं की त्याची पहिली बायको आहे. मी कोण?

हिंदू कायद्यात तुमचं लग्न शून्य ठरतं आणि बायको म्हणून वारसा मिळत नाही. पण तुम्हाला फसवलं असेल तर पोटगीसाठी तुम्ही बायकोच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटलं. लग्न शून्य ठरवतानाही कायमची पोटगी देता येते, हे फेब्रुवारी २०२५ मध्ये ठरलं. मुलं औरस, आई-वडिलांच्या मिळकतीत त्यांना हक्क. पहिलं लग्न लपवून दुसरं करणं हा दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे.

२३. कोर्टाचा आणि वकिलाचा खर्च कुठून आणू?

१९९४ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेच्या वादांत बायकांना कोर्ट फी माफ आहे. दाखल करताना कारकुनाने मागितली तर अधिसूचना दाखवा. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, आणि बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं, दूरध्वनी १५१००. संकटात १८१ किंवा ११२. पोलीस ठाण्यातल्या महिलांसाठीच्या विशेष कक्षातही जाता येतं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत सुरू केलेली ही कल्पना पुढे इतर जिल्ह्यांत गेली.

२४. मी पुण्यात, नवरा अमेरिकेत. तिथल्या कोर्टाचा घटस्फोटाचा कागद ईमेलवर आला.

तुम्ही तिथे हजर झाला नाहीत, ते कोर्ट मान्य केलं नाहीत आणि घटस्फोटाचं कारण आपल्या विवाह कायद्यात नाही, तर १९९१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार असा एकतर्फी हुकूम भारतात बंधनकारक नाही. पण समन्स आल्यावर गप्प बसू नका. अधिकारक्षेत्र मान्य नसल्याचं वकिलामार्फत लेखी कळवा. स्वतः सविस्तर कैफियत दिली तर ते कोर्ट तुम्ही मान्य केलंत असा अर्थ निघू शकतो.

आणि भारतातच दावा लावायची घाई करण्याआधी तिथल्या वकिलाला एकदा विचारा. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात लग्नानंतरची कमाई दोघांची निम्मी-निम्मी धरतात. प्रश्न १ चं उत्तर तिथे उलटं आहे. तिथलं घर आणि निवृत्तीची गुंतवणूक मोठी असेल, तर आई-बाबा पुण्यातल्या कोर्टाचा आग्रह धरत असले तरी तिथे लढणं फायद्याचं ठरू शकतं.